ढगपूरचा राहिलेला प्रवेश

शनिवारी दुपारी चार वाजता शाळेच्या पटांगणात, भरल्या मांडवासमोर, नववीतल्या माया नावाच्या मुलीने गावचे पुढारी अमरसिंह यांच्या डोक्यावरून मला उचलले. मला घेऊन ती पळाली नाही. तिने मला त्यांच्याच हातात दिले.

मित्रांनो, मी एक जुना मुकुट आहे. राजाचा आहे, पण सोन्याचा नाही. शेंगतेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून मला केले. कापताना चित्राची बाजू आत वळवली आणि बाहेरून सोनेरी रंग दिला. आतले शेंगांचे चित्र अजून शाबूत आहे. जो मला घालतो त्याच्या केसांना टेकून ते झाकून जाते.

आमचे गाव नांदूरघाटाच्या पुढे आहे. गावातल्या बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत कारभारी राहतात. ते पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या करायचे. त्यांचा थोरला मुलगा अनिल शिकला आणि गावातल्याच शाळेत गुरुजी झाला. मला कारभारींनी केले, पण माझे राज्य अनिल गुरुजींनी रचले.

त्या काळी शाळेच्या संमेलनाला दरवर्षी भांडण ठरलेले असे. खऱ्या राजाचे नाटक घेतले की राजा कोणाचा, त्याचे काम कोणाच्या मुलाने करायचे, यावरून मोठी माणसे हमरीतुमरीवर येत. गुरुजी मुलांना म्हणाले, "आपण असा राजा आणू जो कुणाचाच न्हाई. मग भांडायला कोण येतंय?"

असे ढगपूर जन्माला आले. ढगपूरचा पहिला राजा मेघराज. त्याने माळावरून चाललेला एक ढग दोराने पकडला आणि किल्ल्याच्या बुरुजाला बांधला. तेव्हापासून ढगपूरच्या विहिरी कधी आटल्या नाहीत. त्याची मुलगी राणी सौदामिनी. शत्रू चालून आला तेव्हा तिने ढगाची सावली गोधडीसारखी उचलली आणि शत्रूच्या छावणीवर पांघरली. उजाडले हे सैन्याला कळलेच नाही. ते झोपून राहिले. तिसरा राजा गर्जनसिंह. त्याच्या आवाजाने दगड तडकत. त्याच्या काळात फितुरांनी दोर कापला आणि ढग निघून चालला. राजा बुरुजावरून गर्जत राहिला, पण ढग थांबेना. तेव्हा दरवाजावरचा पहारेकरी सावळ्या धावला. त्याने दोराचे टोक पकडले आणि तो ढगाबरोबर वर गेला. हात सोलून निघाले तरी त्याने दोर सोडला नाही. त्याने ढग परत आणला.

शेवटच्या प्रवेशात गर्जनसिंह मला स्वतःच्या डोक्यावरून काढतो, सावळ्याच्या डोक्यावर ठेवतो आणि म्हणतो, "दोर ज्यानं धरला, राज्य त्याचं."

मी त्या एका वाक्यासाठी घडलो आहे. मला करताना कारभारींनी दोन डोकी मापली. एक अमरसिंहाचे, तो तेव्हा शाळेत होता आणि राजा होणार होता. दुसरे पवनचे. पवन कारभारींचा धाकटा मुलगा, तो सावळ्या होणार होता. मी दोघांनाही बसावा म्हणून त्यांनी मागे सुतळीची गाठ ठेवली.

तालमी छान झाल्या. अमर मला पवनच्या डोक्यावर ठेवताना म्हणायचा, "हलू नको बे, वाकडा बसंल." मग वाक्य विसरायचा. गुरुजी पडद्याआडून ते हळूच सांगायचे आणि तो ते मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा. कोणीही अडखळले की गुरुजी असेच सांगत. ती त्यांची सवय आजही आहे.

संमेलनाला अध्यक्ष होते अमरचे वडील सुंदरराव. गावातली निम्मी जमीन त्यांची. शेवटच्या प्रवेशाआधी ते उठून पडद्यामागे आले.

"गुरुजी, पाव्हण्यांचे सत्कार आता घेऊन टाका."

"एकच प्रवेश राहिलाय, आबा."

"त्येच म्हणतो मी. माझं पोरगं कारभाऱ्याच्या पोरापुढं मुकुट उतरवणार आन् मी खाली बसून टाळ्या पिटू? सत्कार घ्या."

गुरुजींनी पडदा ओढणाऱ्या हरिबाला खूण केली. पडदा पडला. शाली, नारळ आणि भाषणे सुरू झाली. भाषणे संपली तेव्हा लोक उठून गेले होते. पवन हातात दोराचे टोक धरून तसाच उभा होता.

पुढच्या वर्षापासून कोणाला सांगावेही लागले नाही. शेवटच्या प्रवेशाआधी सत्कार, ही रीतच पडली. राजा मोठ्या घरातून यायचा आणि सावळ्या विहारामागच्या गल्लीतून. असा ठराव कोणी केला नव्हता आणि तो मोडलाही कोणी नव्हता. मला मात्र दरवर्षी कळायचे. ज्या डोक्याकडे मी निघालेला असायचो, त्याच्यापासून हातभर अंतरावर हरिबाचा पडदा यायचा.

शेवट कोणी पाहिलाच नाही, म्हणून लोकांनी तो आपल्या मनाने लावून घेतला. राजा गर्जला आणि ढग परत आला, अशी गोष्ट घरोघरी सांगितली जाऊ लागली. सावळ्या तिच्यातून कधी गळाला, ते मला ठाऊक नाही. ठाऊक नाही ते मी सांगणार नाही.

अमरसिंह मोठे झाले, राजकारणात गेले. त्यांच्या वाढदिवसाला पप्पू नावाच्या कार्यकर्त्याने शाळेतून मला मागून नेले आणि त्यांच्या डोक्यावर ठेवून फोटो काढला. फ्लेक्सवर लिहिले, 'ढगपूरचा राजा'. त्या वर्षी सगळे हसले. पुढच्या वर्षी फ्लेक्सवर आले, 'ढगपूर नरेश गर्जनसिंह यांचे वंशज'. त्या वर्षी हसणारे कमी होते. त्याच्या पुढच्या वर्षी जयंती निघाली.

जो जन्मलाच नाही त्याची जयंती! तिला संमेलनाची तारीख दिली. मला नवा रंग लावला, हार घातला आणि ट्रॅक्टरवर मखमलीच्या गादीवर बसवले. आया लेकरांना माझ्यापुढे हात जोडायला लावू लागल्या. मित्रांनो, इतका मान मला कधी मिळाला नव्हता आणि इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अडगळीच्या खोलीत झुरळे माझ्यावरून फिरायची तेव्हाही वाटली नव्हती.

एकदा मिरवणूक चालली असता कारभारी रस्त्याकडेला उभे होते. पप्पू ट्रॅक्टरवरून ओरडला, "कारभारीबाबा, हात जोडा की! राजे चाललेत."

"जोडतो की," कारभारी म्हणाले. "पत्रा लई टिकला माझा."

म्हातारा काहीतरी बरळला असे समजून लोक हसले. मी हाराखाली तोंड लपवले.

यंदा राजाचे काम अमरसिंहांनी स्वतः घेतले. वंशजाने पूर्वजाचे काम करायचे, अशी पप्पूची कल्पना. सावळ्याचे काम मायाला मिळाले. माया अनिल गुरुजींची मुलगी. मला पुसायला ती शाळेत थांबली होती, तेव्हा तिचे वडिलांशी बोलणे झाले.

"पप्पा, शेवटचा प्रवेश बसवला कावून न्हाई?"

"येळ पुरत न्हाई, माया."

"सत्काराला पुरतो."

गुरुजी खडू शोधू लागले. खडू त्यांच्या हातातच होता.

"आन् ह्या वर्षी सत्कार तुमचाच हाय म्हणं. पप्पूकाका सांगत होता. तुमी माईकवर काय बोलणार?"

गुरुजींना काय बोलायचे आहे ते पप्पूने आधीच सांगून ठेवले होते. गर्जनसिंह खरा होऊन गेला, एवढे एकच वाक्य. ते बोलले नाहीत तर शाळेत राहणे कठीण होईल, हेही पप्पूने हसत हसत सांगितले होते.

शनिवारी नाटक नेहमीच्या जागी थांबले. अमरसिंह मला घालूनच सिंहासनावर बसून राहिले. पप्पूने माईक घेतला. "ज्यांनी आपल्या राजांचा इतिहास खोदून काढला, ते थोर संशोधक अनिल गुरुजी!" गुरुजींच्या खांद्यावर शाल पडली. माईक त्यांच्या हातात आला.

"गर्जनसिंह राजा..." ते म्हणाले आणि थांबले. मांडव वाट पाहत होता. पुढच्या रांगेत सुंदरराव होते. मागे, खांबाला टेकून, कारभारी होते. गुरुजींनी वर पाहिले नाही. माझ्या खाली अमरसिंहांचे कपाळ घामाने भिजत चालले होते.

तेव्हा विंगेतून माया आली. हातात दोराचे टोक होते. पुढचे मी सुरुवातीलाच सांगितले आहे. तिने मला उचलून अमरसिंहांच्या हातात दिले आणि म्हणाली, "दादा, राजानं सवताच्या हातानं द्यायचा असतो. तुमचं वाक्य राहिलंय."

मी त्यांच्या हातात उलटा होतो. शेंगांचे चित्र वर आले होते. अमरसिंह त्या चित्राकडे पाहत राहिले. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. ज्याच्या आवाजाने दगड तडकायचे तो राजा वाक्य विसरला होता.

आणि गुरुजींनी ते सांगितले. शिकवणाऱ्या माणसाच्या सवयीने, अगदी हळू. "दोर ज्यानं धरला..." पण या वेळी ते पडद्याआड नव्हते. हातात माईक होता. कर्णे गावभर लावलेले होते.

"दोर ज्यानं धरला..." अमरसिंह लगेच म्हणाले. शाळकरी मुलासारखे, तोंडपाठ.

मग पोरांच्या गर्दीतून कोणीतरी ओरडले, "आरं, गुरुजी सांगतेत तसंच बोलतोय राजा! ह्ये तर नाटक हाय!" मांडव हसला. ते हसू मागून पुढे आले आणि सुंदररावांच्या खुर्चीपाशी थांबले. पप्पूने धावत जाऊन डीजे लावला आणि वाक्य अर्धेच राहिले. मी पुन्हा वर गेलो नाही, की पुढेही गेलो नाही. अमरसिंह मला घेऊन गाडीत बसले. माया डोके किंचित वाकवून उभी होती. दोर तिने सोडला नव्हता.

मित्रांनो, मुकुट जपायचा म्हणजे त्याला रंग लावून हार घालायचा असे नाही. ज्या डोक्यासाठी तो घडवला, तिथवर त्याला पोचू द्यायचे. मला कोणी चोरले नाही की तोडले नाही. मला फक्त दरवर्षी अर्ध्यावर थांबवले.

आज सोमवार आहे. सकाळचे नऊ वाजले आहेत. मी गाडीच्या पुढच्या सीटवर आहे. थोड्या वेळापूर्वी पप्पूचा फोन आला होता. "दादा, पोरीवर तक्रार देऊन टाकू का? आन् गुरुजीचं काय करायचं?"

"थांब," अमरसिंह म्हणाले. "वाक्य आठवतंय मला."

"कसलं वाक्य, दादा?"

त्यांनी फोन ठेवला. गाडी बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीच्या तोंडाशी उभी आहे. समोर ओट्यावर कारभारी बसले आहेत. त्यांनी गाडी पाहिली आहे, पण ते उठलेले नाहीत. अमरसिंहांचा एक हात दाराच्या कडीवर आहे. इंजिन अजून चालू आहे.