मसूरडाळीएवढे तुकडे

ताईचा गुडघा बदलायचा होता, म्हणून तिचा कुत्रा ढोल्या महिनाभरासाठी तिच्या धाकट्या भावाकडे आला. भाऊ घड्याळजी. कुत्र्यासोबत उकडलेल्या गाजर-भोपळ्याच्या फोडींचा डबा आला आणि ताईची ताकीदही आली. "शिकवताना बक्षीस म्हणून हेच द्यायचं. तेलकट त्याला सोसत नाही. आणि दोरी ओढायची खोड मोडून ठेव, नाहीतर नवा गुडघाही कामातून जाईल."

गाजरावर ढोल्या दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी त्याने फोड हुंगून तोंड फिरवलं. घड्याळजीचा पारा चढला. भल्याभल्या हट्टी घड्याळांना वठणीवर आणणारा माणूस तो, आणि हा लठ्ठ कुत्रा त्याला जुमानेना! त्याने न्याहारीतल्या तळलेल्या सॉसेजचा कण पुढे केला. ढोल्या लगेच शहाण्यासारखा पायाशी चालू लागला.

झालं, स्वारीला युक्ती सापडली. दुकानात भिंग लावून, चिमट्याने धरून तो सॉसेजचे मसूरडाळीएवढे तुकडे करू लागला. एवढ्याशाने काय होतंय? केसाएवढ्या कचऱ्याने घड्याळ बंद पडतं हे गिऱ्हाइकांना रोज सांगणाऱ्याने हे म्हणावं! दिवसाला शंभर-दीडशे तुकडे जात होते. थेंबे थेंबे तळे साचत होतं.

तिसऱ्या आठवड्यात ढोल्या ओकू लागला. पाठ वाकवून कोपऱ्यात उभा राहिला.

"खायला काय देता?" जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या ताईच्या ओळखीच्या.

"गाजर, भोपळा. बाकी काही नाही."

"दुकानात काही गिळलं असेल का?"

"असेल," घड्याळजी म्हणाला. "चामड्याचा एखादा पट्टा."

चामडं एक्सरेत दिसत नाही. बाई म्हणाल्या, पोट उघडून बघावं लागेल. तीन तास तो बाकावर बसून राहिला. ताईची बोलणी नकोत म्हणून आपण एका मुक्या जिवाचं पोट फाडू देतोय, हे त्याला पक्कं कळत होतं. स्वतःची लाज वाटत होती, पण जीभ उचलत नव्हती. आत केस कापायच्या यंत्राची घरघर सुरू झाली, तेव्हा कुठे तो उठला.

"बाई, थांबा! पट्टाबिट्टा काही नाही. मी रोज सॉसेज चारलंय."

बाईंनी यंत्र बंद केलं. "मग स्वादुपिंड सुजलं असणार. अशात भूल दिली असती तर कदाचित उठलाच नसता तो. सकाळी काय झालं होतं तुम्हाला?"

रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. पाच दिवस सलाईन लावल्यावर ढोल्या वाचला.

ताई कुबडी टेकत घरी आली. त्याने सॉसेजचं कबूल केलं. ताई रागावली, मग हसली. "लाड करून वाट लावायची खोड तुझी जुनीच. पण वेळेवर नेलंस, म्हणून वाचलं माझं लेकरू."

त्याला जास्तच मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ढोल्याच्या पोटावरून फिरणारा तिचा हात थांबला.

"इथले केस का कापलेत रे?"

'तपासणीसाठी' हे उत्तर जिभेवर तयार होतं. त्याने ते गिळलं.

"पोट उघडायला. मी डॉक्टरांशी खोटं बोललो, ताई. तुझ्या भीतीने. तीन तास गप्प बसलो."

ताईने ढोल्याची दोरी आपल्या मनगटाला गुंडाळली.

"मी आणतो ना त्याला फिरवून," तो म्हणाला. "तुला अजून चालवत नाही."

"नको," ताई म्हणाली. "त्याचं मी बघेन."