नवा आला की हा तुझा

आमच्या घरात कुठलीबी चीज आधी सरांच्या हातात येते. सर म्हणजे माझा नवरा, मिथुन. सारं राजूर त्यांना सर म्हणतं, म्हणून मीबी म्हणते. तेवढा मान द्यायला काही खर्चा लागत न्हाई. सरांचं मन भरलं की ती चीज धाकट्या दिराकडं जाते, दिराचं भरलं की सासूबाईकडं, अन् मंग तिची काच तडकली, बटन निघालं, की ती माझी. माझा मोबाईल असाच फिरत फिरत आल्ता. त्याच्या काचेला आडवा तडा हाये, अन् जिथं बघायचं असतं नेमका तिथंच हाये.

टॅब मात्र कधी खाली आलाच न्हाई. जेवताना ताटाशेजारी टॅब, शाळेत जाताना पिशवीत टॅब. शाळेत त्याचं काय काम असतं ते मला आजवर कळलं न्हाई. पोरांची हजेरी तं मोबाईलवरच भरतेत.

मला त्यो टॅब पाहिजे होता, अन् मिरवायला न्हाई. मी ब्लाउज शिवते. गणपतीच्या देवळाकडं जायच्या रस्त्यावरच आमचं घर, त्यामुळं गिऱ्हाईक चालून येतं. पण साधं ब्लाउज माझ्याकडं अन् नवरीचं ब्लाउज जालन्याला, अशी रीत पडली. आता नवरीला आरी वर्क लागतं. पाठीवर मोर, बाहीवर मोती, सगळं आकडीच्या सुईनं भरलेलं. समोरच्या सगुणाबाईच्या मीनाचं लगीन पुढल्या सालच्या उन्हाळ्यात ठरलं, तवा सगुणाबाई माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन म्हणली, "तुला येत असतं तं तुलाच दिलं असतं गं. आता जावं लागतं जालन्याला." मला ते इतकं लागलं की त्या दिवशी मी तिच्या ब्लाउजाची बाही उलटी जोडली.

जालन्यात मस्तगडला ताहेरा आपा हायेत. त्या आरी वर्क शिकवतेत, दुपारी तीनला, ऑनलाइन. मी एक दिवस मोबाईलवर बसून बघितलं. सुई कापडातून खाली जाते, खालच्या हातातला दोरा आकडीत धरते, जराशी घुमते अन् वर येते. ती कुठं घुमते तेवढंच शिकायचं असतं, अन् तेवढंच मला दिसंना. आपा म्हणल्या, "बेटी, मोबाईलपे नक्को. बडा स्क्रीन होना. नै तो सुई उंगली में जाती." गेलीच होती. मी बोट तोंडात धरून ऐकून राह्यले होते.

संध्याकाळी मी सरांना सांगितलं. सर लगेच म्हणले, "अगं, मी नवा घेऊनच राह्यलो. नवा आला की हा तुझा."

झालं! त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं.

सरांचं टॅब घेणं म्हणजे गावोगाव स्थळं बघत फिरणाऱ्या अन् नुसते पोहे खाऊन येणाऱ्या नवरदेवाची गत. जुन्या टॅबवर बसायचं अन् नव्या टॅबचे व्हिडिओ बघायचे. व्हिडिओतला पोरगा डबा फोडून वरडायचा, "दोस्तो, क्या आपको ये लेना चाहिए?" अन् अर्ध्या तासानं म्हणायचा, "आपकी जरूरत पे डिपेंड करता है." घ्या! एवढं तं आमच्या सासूबाईनं बी सांगितलं असतं, वर भाकरी बी वाढली असती. पण सर मान डोलवायचे अन् दुसऱ्या पोराचा व्हिडिओ लावायचे.

एकदा सासूबाईला जवळ बसवून त्यांनी दोन टॅबचा फरक दाखवला. "हे बघ आई, डावीकडचा कसा सरकतो अन् उजवीकडचा कसा सरकतो."

सासूबाई, गिरिजाबाई, मोतीबिंदूवाल्या. त्या म्हणल्या, "मला तं दोन्ही सारखेच दिसून राह्यले बाबा."

"डोळ्याला कळत नाही आई, पण फरक असतो."

"मंग ज्येला कळतो त्येला घेऊ दे की."

मी पदराआड हसले. मंग न राहवून विचारलं, "अहो, नवा घेऊन त्याच्यावर करणार काय?"

सर म्हणले, "हेच. पण जल्दी."

बरं, घ्या म्हणावं तं घेतबी न्हाईत. उन्हाळ्यात म्हणले, पोळ्याच्या टायमाला नवं मॉडेल येतंय. पोळ्याला म्हणले, दिवाळीचा सेल लागू दे. दिवाळीला म्हणले, आता घेणारा बिलकुल येडा, जानेवारीत भाव पडतेत. जानेवारीत सर विहारात सावित्रीमाईच्या जयंतीला भाषणाला उभे राह्यले. "घरातली बाई शिकली पाहिजे! तिच्या हातात साधन दिलं पाहिजे!" माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीबी वाजवल्या, मोबाईलवर बघून सुई पुन्हा बोटात गेल्ती, तिथं चिंधी बांधलेली होती तरी. भाषण त्या टॅबवरूनच वाचून दाखवलं होतं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात, दुसरं काय.

घेणं होत न्हाई म्हणल्यावर सरांनी एक नवंच सुरू केलं. जुन्या टॅबची बदनामी. नवा घ्यायला काही कारण नको का? येईल त्या पाव्हण्याला टॅब दाखवायचे अन् तोंड वाकडं करायचे. "हँग होऊन राह्यला हो." "बॅटरी बसली." "आपोआप बंद पडतो." "तापतो, कधी हातात फुटंल सांगता येत न्हाई." सगुणाबाई ब्लाउज न्यायला आली तं तिलाबी धरलं. "मावशी, ह्याच्यात आता जान राह्यली न्हाई." बिचाऱ्या मावशीनं हळहळ केली, जसं काही घरातलं कुणी दवाखान्यात हाये.

अन् टॅब? टॅबला धाड भरली न्हव्हती. मागं तीस-तीस व्हिडिओ उघडे ठेवले तं माणूसबी हँग होईल. ते बंद केले की पाण्यासारखा चालायचा.

मंग फाल्गुनात एक दिवस सर शाळेतून आले ते मोरावाणी नाचतच. "घेतला! शेवटी घेतला!" ह्या हप्त्यात येणार. शाळेत सगळ्या मास्तरांना सांगून झालं होतं, पेढेबी कबूल करून झाले होते. माझ्या तं जिवात जीव आला. आपांची नवी बॅच सोमवारी सुरू होणार होती, अन् त्यानंतरची थेट लगीनसराई संपल्यावर. म्हणजे मीनाचं ब्लाउज शिवायचं तं हीच बॅच. मी लगेच आपांना फोन लावला. "आपा, माझं नाव लिहा. स्क्रीन आला."

फोन ठेवला तं सर टॅब पुसून राह्यले होते. माझ्या मखमलीच्या तुकड्यानं. इतकं लाडानं त्यांनी मला कधी पुसलं न्हाई, म्हणजे डोळे.

"पुसता कशाला? माझाच तं हाये आता."

सर जरा घुटमळले. "अगं, तसं न्हाई. एक्स्चेंज लावला. हा परत दिला की नव्याचा भाव बराबर बसतो. तेव्हाच तं परवडला."

"अन् माझं?"

"तुझं पुढच्या टायमाला. हा नवा जुना झाला की तुझाच."

काय बोलू? भांडले असते तं दुसरा नवरा म्हणला असता, बाईला टॅब कशाला. सर म्हणत न्हाईत तसं कधी, शिकलेले हायेत. पण वागतेत तसंच. शिव्या देणारा नवरा परवडला बाई, त्याला निदान उलटून बोलता येतं. गोड बोलणाऱ्याचं काय करावं? आपांना आता कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू, ह्या इचारानं मला जेवण गेलं न्हाई.

शनिवारी सरांनी टॅब घरी ठेवला. "आज माणूस येईल. त्याला देऊन टाक. जास्त बोलू नको. काही लागलं तं मला फोन कर." असं बजावून ते शाळेत गेले.

दुपारी मोटारसायकल थांबली. चाळिशीतला मिशीवाला माणूस, पाठीवर ही मोठी पिशवी. नाव बद्रीनाथ, भोकरदनचा. पाणी पिऊन त्यानं नवा डबा कट्ट्यावर ठेवला अन् जुना टॅब हातात घेतला. सगुणाबाई माप द्यायला आल्ती, ती बसली होती. सासूबाई वाती वळून राह्यल्या होत्या.

बद्रीनाथ म्हणला, "ताई, मोबाईलमधी सवाल हायेत, तेवढे इचारतो. खरं खरं सांगा. मागून खोट निघाली तं माझ्या पगारातून कापतेत. मागच्या महिन्यात एका साहेबानं असंच फसवलं मला."

आता सांगा. नवऱ्यानं बजावलेलं, बोलू नको. अन् पुढं हा गरीब माणूस, त्याचा पगार. मी म्हणलं, "दादा, मला त्यातलं काही कळत न्हाई. पण सर सांगतेत ते सांगते. सर शिकलेले हायेत, खोटं बोलत न्हाईत."

"बॅटरी बराबर?"

"सर म्हणतेत, बसली."

"चालता चालता बंद पडतो?"

"सर म्हणतेत, आपोआप."

"हँग?"

"आरं, लई हँग!" हे सासूबाई. "तापतोबी म्हणत व्हता मिथुन. हातात फुटंल म्हणत व्हता."

बद्रीनाथानं टॅब हळूच कट्ट्यावर ठेवला.

"जान न्हाई त्याच्यात," सगुणाबाईनं सुस्कारा सोडला. "सरांनी मला सोता सांगितलं."

बद्रीनाथानं कपाळाला हात लावला. "ताई, सरांनी तं सगळं चांगलं हाये म्हणून भरलंय. फोन लावा त्यांना."

मी लावला. स्पीकरवर लावला. तिकडून मास्तर लोकांचा गलका ऐकू आला, म्हणजे सरांनीबी स्पीकरवरच घेतला होता. नवा टॅब आला म्हणून मास्तरांना ऐकवायचं असंल.

बद्रीनाथ म्हणला, "सर, तुमचा टॅब खराब हाये म्हणतेत घरचे."

"खराब?" सर वरडले. "कोण म्हणतं? अहो, फर्स्ट क्लास आहे! बॅटरी दिवसभर जाते, एकदाबी हँग झाला न्हाई! काल घेतल्यासारखा आहे!"

बद्रीनाथ साधा माणूस. त्यानं साधंच इचारलं, "मंग सर, येवढा फर्स्ट क्लास हाये तं नवा कशाला घेता?"

तिकडं कुणीतरी फसकन हसलं. मंग दोघं-तिघं हसले. हेडमास्तरांचा खोकला मला ओळखू आला.

सर खालच्या आवाजात म्हणले, "न्हाई... म्हणजे... तसा त्रास देतो त्यो. म्हणूनच तं नवा घेतला ना."

"म्हणजे खराब हाये. मंग एक्स्चेंज कटलं, सर. खराब चीज कंपनी घेत न्हाई. आता नव्याचे पुरे पैसे भरा, न्हाईतं मी डबा वापस नेतो. काय करू?"

मला वाटलं, आता वापस नेतो. नव्याचं तोंड दिसलं न्हाई अन् जुनाबी सोमवारी परत शाळेच्या पिशवीत जाईल. मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला की काय? पण तिकडून एक मास्तर म्हणला, "सर, पेढे मात्र सोडणार न्हाई हां!" अन् पुन्हा हसं झालं.

"द्या," सर म्हणले. "भरतो."

संध्याकाळी सर आले, चप्पल न काढताच आत गेले. नवा डबा फोडला तवा नेहमीसारखं कुणाला बोलावलं न्हाई. जेवण झाल्यावर त्यांनी जुना टॅब माझ्या शिलाई मशीनवर ठेवला.

"ठेव. खराबच आहे."

"चालतंय," मी म्हणलं. "माझ्याकडं खराबच येतंय."

ते माझ्याकडं बघतच राह्यले. मीबी नजर खाली घातली न्हाई.

सोमवारी तीनला मी ओट्यावर लाकडी चौकट मांडली, कापड ताणलं, टॅब उभा केला. आपांचा हात एवढा मोठा दिसला की त्यांच्या नखावरची मेंदी दिसली. सुई खाली गेली, दोरा धरला, अन् मला दिसलं ती कुठं घुमते ते. इतकुशीच तं घुमते! ह्या इतकुशासाठी बाई माणसाला वर्ष लागलं. मला रडू आलं. आपांनी इचारलं, "क्या हुआ बेटी?" मी म्हणलं, "कुच नै आपा, बराबर दिखरा."

सगुणाबाई रोज येऊन बघायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं मीनाच्या ब्लाउजाचं कापड आणून माझ्या मांडीवर ठेवलं अन् माझाच चहा पिऊन गेली. मी त्यावर मोर काढायला घेतला. जालन्याच्या मोरापेक्षा माझ्या मोराची मान जरा जाड झाली, पण मोर हाये हे कळतं.

इकडं नव्या टॅबचं कौतुक आठ दिवस टिकलं. मंग त्यात मधीमधी जाहिराती यायला लागल्या. सरांनी आपले तीस व्हिडिओ मागं उघडे ठेवले अन् तोबी रुसून बसला. काचेवर नुसतं चक्कर गोल गोल फिरून राह्यलेलं. डोळ्याला न कळणारा फरक आता कळून राह्यला होता.

काल रविवार. आपांचा क्लास चालू होता, मोराचा पिसारा भरून राह्यले होते. सर दारात येऊन उभे राह्यले. हातात नवा टॅब, तोंड पडलेलं.

"संध्या, जरा तुझा दे गं."

तुझा! लगीन झाल्यापासून घरातली एक तरी चीज माझी हाये असं ह्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

"कशाला?"

"पाचच मिनटं. त्या... नव्या मॉडेलचा एक व्हिडिओ बघायचाय. ह्याच्यावर चालून न्हाई राह्यला."

टॅबमधून आपा कान देऊन ऐकत होत्या. मी सुई खाली घातली, दोरा धरला, घुमवून वर घेतली.

"त्यो खराब हाये," मी म्हणलं. "सरच सांगतेत."