आतला बैल

पंचवीस वर्षं मी शेतातली हरळी खणून बांधावर फेकली आणि पुढची अकरा वर्षं नाशकात तीच जगवायचा पगार घेतला. शहरात तिला लॉन म्हणतात, आणि लग्नाच्या जागेला ‘लॉन्स’. पण जात हरळीचीच. नांदगावचा माझा भाऊ एकदा बघायला आला आणि पोट धरून हसला. हसू दे. एक एकर गवत मी असं राखलं होतं की कोणी त्यावरून सँडल घालून गेलं की मला राग यायचा.

फेब्रुवारीत मालकांनी, म्हणजे रविराजशेठनी, कापणीचं नवं मशीन आणलं. वर बसायला खुर्ची, पुढे दोन दांडे. डावा दांडा डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. स्टिअरिंग नाहीच. शिकवायला सातपूरहून अमोल नावाचा मेकॅनिक आला होता. आधी वॉचमन बसला, त्याने दोन कुंड्या फोडल्या. मग मी बसलो आणि पहिल्याच फेरीला सुतासारखा सरळ गेलो.

“काका, आधी चालवलंय का?” अमोलने विचारलं.

“मशीन नाय. बैलं हाकलीत. हे दोन कासरेच हायेत की!”

सगळे हसले. शेठनी मोबाईलवर व्हिडिओ काढला. अमोलने चहा घेतला, म्हणाला, काकांना काय शिकवायचं, आणि गेला. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या सोमवारी अख्खं लॉन कापलं. रविवारी मोठं लग्न होतं. सकाळीच पाणी दिलेलं, जमीन ओली होती, पण म्हटलं शेठ खूश आहेत तर उरकून टाकू. टोकाला पोचलो की नांगर वळवतात तसा वळायचो. आतला बैल थोपवायचा, बाहेरचा हाकायचा. डावा दांडा जागेवर धरला, उजवा पुढे ढकलला की मशीन गर्रकन फिरायचं. हाताला ती वळणं पाठ होती. जित्याची खोड ती.

बुधवारपर्यंत सगळं हिरवंगार. गुरुवारी सकाळी गेलो तर दोन्ही टोकांना ओळीने पिवळे डाग, भाकरीएवढे. मी मोजले नाहीत. खाली बसून एकावर हात फिरवला तर गवत मुळासकट हातात आलं.

अमोलला फोन लावला.

“अहो काका, एक चाक उभं ठेवून वळायचं नसतं! उभं चाक जागच्या जागी पिळतं, गवत मुळापासून तुटतं. दोन्ही चाकं फिरती ठेवायची. थोडं मागे घ्यायचं, मग वळायचं. आणि ओल्यावर तर नाहीच.”

“मंग सांगितलं का नाय?”

“तुम्हाला येत होतं ना...”

आतला बैल जागच्या जागी वळतो तेव्हा पाय उचलून वळतो, चाक कुठला पाय उचलणार? एवढी साधी गोष्ट छत्तीस वर्षं मातीत काढून माझ्या डोक्यात आली नाही. मला स्वतःचीच चीड आली.

शेठ आले, बघितलं, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “काका, रविवारपर्यंत भरून निघालं तर ठीक. नाहीतर प्लास्टिकचं हिरवं कार्पेट टाकतो. मग ते कायमचंच. कापायला नको, काही नको.”

“शेठ, पंधरा दिस द्या. मुळं धरतील.”

“लग्न रविवारी आहे, काका.”

मी आणि कुसाबाई, माझी बायको, दोन दिवस खपलो. स्वयंपाकघरामागचं गवत मातीसकट काढून एकेका डागात बसवलं. ती म्हणाली, “आवं, शेतात मारून मरत नव्हती ही, आन् इथं जगवून जगंना!” रात्रीची थंडी अजून सरली नव्हती, थंडीत हरळी झोपते. शनिवारी ठिगळंसुद्धा पिवळी पडली. दुपारी टेम्पो आला. चार पोरांनी गुंडाळ्या उलगडल्या, कडांना खिळे ठोकले. तासाभरात अकरा वर्षं झाकली गेली. उजेड नाही तर खालचं किती दिवस टिकणार, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

“तुम्हाला काढत नाही हं, काका,” शेठ म्हणाले. खरंच काढलं नाही. माणूस वाईट नाही, हीच तर अडचण.

रविवारी दुपारी बाराला शेठचा फोन आला. “काका, कार्पेट तापलंय, अनवाणी पायांना चटके बसतायत. पाईप आणा.”

मी प्लास्टिकला पाणी मारायला लागलो. कडेपासून सुरू केलं, नेहमीसारखं. पाणी मुरेना, परत माझ्याच पायांकडे वाहत आलं. मांडवाच्या सावलीत बसलेल्या एक आजी, वत्सलाबाई म्हणून कोणीतरी त्यांना हाक मारत होतं, कौतुकाने बघत होत्या.

“दादा, एवढं एकसारखं गवत! एक डाग नाही. कसं राखता हो?”

मी पाईप खाली केला. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण निघालं दुसरंच.

“वळताना दोन्ही चाकं फिरती ठेवायची, आजी,” मी म्हणालो. “आन् ओल्यावर कापायचं नाय.”