लिलाबाईची पोर

सुजाता सहा वर्षांची, पण वजन इतकं की जिना चढताना धापा टाकायची. भुसावळच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईबापांना बजावलं, “एकट्या पोरीचंच खाणं तोडू नका. तळलेलं, गोडधोड सगळ्यांनीच कमी करा. रोज तिच्यासोबत चाला.”

दीपनगरला घरी परतल्यावर तिच्या बापाने, देवचंदने, शेवेचा डबा शेजारी देऊन टाकला. संध्याकाळी जेवताना सुजाताने चौथी तूपपोळी मागितली. लिलाबाईचा हात आपसूक टोपलीकडे गेला.

“नको ना,” देवचंद हळूच म्हणाला.

“आपला मिलिंद दोन वर्षांचा असताना वारला, तेव्हा अंगावर नुसती हाडं होती त्याच्या,” लिलाबाईला हुंदका फुटला. “हिला नाही कशी म्हणू?”

 शेवटी तिने टोपली झाकली.

तिघं चालायला निघाली. सुजाताने विचारलं, “आई, मी काय केलं?”

“काही नाही गं,” लिलाबाई म्हणाली आणि रडतच चालत राहिली.