चौथ्या भिंतीचा माल

थापीवरचा माल भिंतीला लावायला गवंड्याने हात उचलला आणि जावई फाटकातून आत आला. त्याच्या पायात चप्पल नव्हती.

"मामा, थापी खाली ठेवा."

गवंड्याने ठेवली नाही. तेवढा माल लावला, हात फिरवून सारखा केला, मग पायाडावरून उतरला. जावयाच्या तोंडाकडे पाहून त्याला कळलं होतं, पण ते ऐकायला खाली यावंसं वाटत नव्हतं. गवंड्याची बायको बाजारात भाजी घेता घेता खाली बसली होती आणि पुन्हा उठली नव्हती.

काम लेकीच्याच घरी चाललं होतं. घराला लागून तिच्या शिवणकामाची खोली. सिमेंट नको, मातीच्या भिंती हव्यात, हा मायलेकींचा हट्ट. माल कालवायचा बायकोने, थापायचा त्याने, हे लग्नापासूनचं. कामावर तो तिला साहेब म्हणायचा, कारण हुकूम तिचाच चालायचा. माल कालवायच्या टाकीपाशी त्याला जायची बंदी होती. घमेल्यात येईल ते मुकाट्याने लावायचं. तीन भिंतींचा गिलावा झाला होता. चौथी उघडीच होती.

दिवसकार्य आटोपून तो कामावर परतला तेव्हा टाकीतून घाण वास येत होता. गोणपाट उचललं तर आत काळपट, बुडबुडे आलेला चिखल.

"नासला," असं म्हणून त्याने तो उपसून कुंपणापाशी फेकला. टाकी घासून धुतली आणि ताजा माल कालवला. माती, वाळू, भुसा, सगळं तिच्या मापाने. लांबून तिला बघून बघून माप त्याला पाठ झालं होतं.

लावलेला गिलावा सुकला तसा तडकला. नख लावलं की पापुद्रा हातात यायचा.

मग त्याने खूळच घेतलं. ती यात काय घालत होती? तो खरवडायचा आणि पुन्हा लावायचा. कणकेची खळ घालून पाहिली, तर मुंग्यांची रांग लागली. डिंक घातला, माल थापीलाच चिकटून बसला. जवस उकळून त्याचं पाणी घातलं, तेव्हा जरा बरं जमलं, पण तिसऱ्या भिंतीवर हात फिरवला की फरक कळत होता. ती भिंत गुळगुळीत, घट्ट. ही नुसती धरून ठेवलेली.

"मामा, सिमेंटवाला सोमवारी मोकळा आहे," जावई म्हणाला. "एका दिवसात उरकेल. किती दिवस मातीत खेळणार?"

"सोमवारपर्यंत थांब."

"आणि मग?"

"मग बोलाव त्याला."

त्या दुपारी त्याने दाराच्या चौकटीमागे, कुणाला दिसणार नाही असा, तिसऱ्या भिंतीचा टवका काढला आणि वाटीत भिजत घातला. विरघळल्यावर बोटं घालून चाचपलं. भुशाची काडी सापडेना. नुसते मऊ धागे, कापसासारखे. त्याच्या मालातला भुसा अजून पिवळा आणि ताठ होता. त्याने वाटी नाकाशी नेली.

टाकीतलाच वास होता, फक्त अगदी मंद.

तो तडक कुंपणापाशी गेला. फेकलेला चिखल जसा पडला तसाच वाळला होता. त्याने टाचेने ठोकून पाहिलं, टाचच दुखली. चारी बाजूंनी वाकून भेग शोधली. नव्हती.

लेक चहा घेऊन आली तेव्हा तो तिथेच मातीत बसला होता.

"आई माल कालवल्यावर किती दिवस ठेवायची?"

"बरेच. भुसा कुजल्याशिवाय चिकटत नाही म्हणायची. लावायच्या दिवशी सकाळी मग वाळू मिसळायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्हाला सांगून काय उपयोग, बाबा? तुम्हाला सगळं आजच्या आज हवं. आई म्हणाली, दोनदा सांगून पाहिलं, दोन्ही वेळा तुम्ही कच्चाच माल उचललात. तेव्हापासून ती कंबर दुखते म्हणायला लागली."

"कंबर?"

"आईची कंबर कधीच दुखत नव्हती."

गवंड्याने चहाचा कप हातात घेतला. प्रत्येक कामावर हेच. आज कंबर धरलीय, उद्या बघू, ती म्हणायची, आणि माल टाकीतच राहायचा. आणि रात्री तो तेलाची बाटली घेऊन बसायचा.

"तेल चोळून घ्यायची की गं," तो म्हणाला. "शिवाय सांगायची, जरा खाली. जरा डावीकडे."

लेकीला आधी हसू फुटलं. मग त्यालाही आवरेना. चहा सांडू नये म्हणून त्याने कप लांब धरला.

कुंपणाजवळचा गोळा त्याने टिकावाने फोडला. बराचसा पाल्यात आणि खड्यांत गेला होता, हाती लागला तो जेमतेम दोन घमेली. तो भिजवला, नव्या माती-भुशात मिसळला, दुधाला विरजण लावावं तसा. वर ओलं गोणपाट टाकलं आणि कडा दाबून बसवल्या.

सोमवारी जावई फोन हातात घेऊनच आला.

"काय मामा, झाला का माल? सिमेंटवाला लाइनवर आहे."

गवंड्याने टाकीकडे पाहिलं. मग एक हात पाठीमागे नेला आणि सावकाश सरळ झाला.

"आज कंबर धरलीय रे. उद्या बघू."

"अरे! औषध आणू का?"

लेक दारात उभी होती. ती आत गेली, तेलाची बाटली घेऊन आली आणि नवऱ्याच्या हातातला फोन काढून घेतला.

"नको म्हणून सांगते त्यांना," ती म्हणाली.

चौथ्या भिंतीचा गिलावा अजून व्हायचा आहे.