पिंपावरचा बाण

शेवटच्या दिवशी बाबा मला म्हणाले, "उलट्या हाताची ती उलट्या हाताचीच," आणि जमिनीवर सांडलेल्या मुठी वेचायला लागले.

मुठी म्हणजे ड्रॉवरला लावतात त्या, पितळी. ओतकामवाल्याकडून येतात तेव्हा त्या काळपट आणि ओशट असतात. घरामागच्या खोलीत बाबांचं एक आडवं लोखंडी पिंप होतं. त्यात मुठी आणि अक्रोडाच्या टरफलांचा भरडा घालायचा, झाकण आवळायचं आणि मोटर सुरू करायची. चार तास पिंप फिरलं की मुठी पिवळ्याधमक होऊन बाहेर यायच्या. तीस वर्षं आमचं घर या पिंपावर चाललं. "लोकांचं पितळ उघडं पडलं की अब्रू जाते, आपलं उघडं पडलं की चूल पेटते," हा बाबांचा ठरलेला विनोद. नव्या गिऱ्हाइकाला तो एकदाच ऐकावा लागे. आम्हाला प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाबरोबर.

दोन महिन्यांपासून मोटर रुसली होती. बटण दाबलं की नुसती गुरगुरायची. मग बाबा पिंपाला हातानं हिसका द्यायचे आणि ते फिरू लागायचं. अशा बिघडलेल्या मोटरला स्वतःची दिशा नसते, ढकलाल तिकडे ती निघते. पिंपावर बाबांनी पांढऱ्या रंगानं एक बाण काढला होता. बाणाच्या बाजूला फिरलं तर झाकणाचा नट आवळत जायचा, उलटं फिरलं तर सुटत जायचा.

मी शहरातून दोन दिवसांच्या रजेवर आले होते. बाबांचा खांदा सकाळपासून दुखत होता. "जरा हात दे," ते म्हणाले. मी हात दिला. डावा. मी डावखुरी आहे, आणि चाळीस वर्षांत बाबांना हे मान्य करायला सवड मिळाली नव्हती. पिंप जोरात फिरलं, पण उलटं. मिनिटभरात झाकण धाडकन पडलं आणि मुठी आणि भरडा खोलीभर झाला.

"चाळीस वर्षांची झाले, बाबा. अजून माझा हातच बघताय?"

"हात कशाला बघू? एवढा मोठा बाण काढलाय. तो वाचता येत नाही आणि म्हणे हजारो पुस्तकांच्या वाचनालयात कामाला आहे."

तेव्हा माझ्या पर्समध्ये कंडेन्सर होता.

मोटर सुरू व्हायला लागतो तो, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. आठवड्यापूर्वी बाबांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं, "येताना कंडेन्सर आण. तिकडे चांगला मिळतो." बाबांनी माझ्याकडे काहीतरी मागितल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मी तीन दुकानं फिरले. दुकानदारानं "कशाला हवाय?" विचारलं तेव्हा मोटरबद्दल त्याला हवं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगितलं. येताना सबंध प्रवासात पर्स मांडीवर ठेवली होती.

आणि मुठी वेचून झाल्यावर मी पर्सची चेन लावली. म्हटलं, मागू देत. मागितला की देईन.

बाबा एक गोष्ट दोनदा मागत नसत. "एकदा सांगितलं, सांगितलं," असं त्यांचं. आईला ते मीठसुद्धा दुसऱ्यांदा मागत नसत, अळणी खात. हे मला माहीत होतं. माहीत असूनच मी वाट बघत बसले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "तिकडे मिळतं ना तुला सगळं?"

"मिळतं," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि भात कालवला. आई म्हणाली, "चाळीस वर्षं राहतेय ती तिकडे, आणि असं काय विचारताय? मिळणार नाही तर काय!" मी राहत होते बारा वर्षं. आईच्या हिशेबात घराबाहेरचा काळ नेहमीच फुगतो. आम्ही तिघंही हसलो. तो आमचा शेवटचा विनोद.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन मागच्या खोलीत गेली. पिंप फिरत होतं, बाणाच्या दिशेनं. बाबा त्याच्या शेजारी जमिनीवर बसले होते, भिंतीला पाठ टेकून. आईला वाटलं डोळा लागलाय. डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण आला. कसला ताण, ते आईनं त्यांना विचारलं नाही. तिला तो पाठ होता. पिंपातल्या मुठी निघाल्या त्या अगदी लख्ख होत्या.

आईनं दोष वायरमनवर टाकला. गावभर त्याला 'तात्पुरते' म्हणतात, कारण प्रत्येक दुरुस्तीनंतर तो म्हणतो, "तात्पुरतं करून दिलंय." दोन महिने तो कंडेन्सर आणतो आणतो म्हणत होता. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "एवढासा डबा. तेवढा आणला असता तर माणूस जिवंत असता." लोक हळहळायचे, तात्पुरतेला नावं ठेवायचे. मी चहाचे कप उचलत असायचे.

दोन आठवड्यांनी आईनंच त्याला बोलावलं. धंदा ती चालवणार होती. मुठी मोजणं, बांधणं ती आधीपासून करतच होती. पण पिंपाला हिसका देणं तिच्या मनगटात नव्हतं.

"या, तात्पुरते," आई दारातच म्हणाली. "कंडेन्सर आणलात? की आता माझ्यासाठी थांबणार आहात?"

त्यानं पिशवीतून कंडेन्सर काढून दाखवला. आई चहा करायला आत गेली आणि तो मोटरपाशी उकिडवा बसला. मी बॅटरी धरली होती.

"ताई, उजेड जरा खाली." मग स्क्रू काढता काढता, आवाज न बदलता म्हणाला, "मी आणणारच होतो. दादा म्हणाले, तू राहू दे, लेक आणतेय. चांगले खूश होते."

मी उजेड आणखी खाली घेतला.

"वहिनींना सांगितलं नाही मी. तुम्हाला नसेल मिळाला, नाहीतर विसरला असाल. होतं."

"मग इतकं ऐकून का घेताय?"

"माझ्या नावावर एवढी तात्पुरती कामं आहेत. त्यात एक बोलणं कायमचं, खपून जाईल."

माझी पर्स पलीकडे खुंटीला होती. तो डबा मी तिच्यातून अजून काढला नव्हता. टाकणार कुठे?

त्यानं कंडेन्सर बसवला आणि बटण दाबलं. मोटर गुरगुरली. पिंप हललं नाही. त्यानं वायरी पुन्हा तपासल्या, पुन्हा बटण दाबलं. तीच गुरगुर. मग मोटर खाली उतरवून उघडली, मीटर लावला आणि कितीतरी वेळ तिच्यात बघत राहिला. आई चहा घेऊन दारात उभी होती.

"हिचं आतलं वायंडिंग, तारेचं वेटोळं, तुटलंय, वहिनी. सुरू होताना लागतं ते. आजचं नाही, जुनं आहे, टोकं काळी पडलीत. कंडेन्सरचा दोषच नव्हता."

"म्हणजे आणला असता तरी?"

"दहा आणले असते तरी. दादांना ढकलावंच लागलं असतं." हे तो आईला सांगत होता, पण बघत होता माझ्याकडे. माणूस दुसऱ्याला खुर्ची सरकवून देतो तसा.

आई ट्रे हातात घेऊनच स्टुलावर बसली. "आणि मी तुम्हाला दोन आठवडे वाटेल ते बोलले."

"बोललात तर बोललात. चहा द्या, गार होतोय."

दुपारी तो दुकानातून नवी मोटर घेऊन आला. बसवली, पट्टा चढवला आणि आईला म्हणाला, "तुम्हीच दाबा." आईनं एका बोटानं बटण दाबलं. कुणीही हात न लावता पिंप फिरू लागलं. उलटं.

"अहो, उलटं! उलटं!" आई ओरडली. "बाण बघा!"

"दोन वायरी इकडच्या तिकडे करायच्या, बस." त्यानं केल्या. "हिला सांगितलं की ऐकते."

या वेळी पिंप बाणाच्या दिशेनं निघालं. आतल्या मुठी भरड्यात घोळायला लागल्या, तो परिचित खळखळाट खोलीत भरला. आई पदरानं डोळे पुसत हसली. माझा हात हातात घेतला, डावा, आणि पिंपाच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाली, "कुणाचाच दोष नव्हता गं. ऐकलंस ना? कुणाचाच नाही."

तात्पुरते हत्यारं पिशवीत भरत होता. सगळं मिटलं होतं. आता मी गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. वायंडिंग तुटलेलं होतं हे खरं, पण मी चेन लावली तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी चेन लावली तेव्हा मला वाटत होतं की तो डबा दिला तर बाबांचा खांदा वाचेल.

मी आईला सांगितलं.

"काय?" आई म्हणाली. "ऐकू नाही आलं."

म्हणजे मी पिंपाचा आवाज बघूनच बोलले होते. तात्पुरतेनं मान वर केली आणि नको अशी हलवली.

मी हात सोडवून घेतला, बटण बंद केलं आणि पिंप पूर्ण थांबेपर्यंत थांबले. मग खुंटीवरची पर्स काढली, चेन उघडली आणि तो डबा आईच्या हातात ठेवला.

"कंडेन्सर माझ्याकडे होता, आई. बाबांनी मला सांगितला होता, मी आणला होता. जेवताना 'मिळतं ना सगळं' म्हणत त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा. मी मुद्दाम दिला नाही."