रॉयची रॅकेट आणि काकूंची खंडेनवमी

भिंतीवर टांगलीय म्हणून मला शोभेची समजू नका. मी रॉय हॅलरनची रॅकेट! अस्सल लाकडाची, १९४९ सालची. आमची सर्व्हिस अशी की चेंडू या गावातून निघून पुढच्या गावात पडायचा, आणि पंच तिकडे फोन करून विचारायचे, "आत की बाहेर?" खोटं वाटतं? रॉयला विचारा. तो याहून मोठी थाप मारेल.

रॉयने सगळ्यांना हरवलं, एका चेस्टरला सोडून. ओहायोत कुठेही फायनल असो, समोर चेस्टर, आणि रॉयच्या हाती दुसऱ्या नंबरचा चषक. घरात इतके चषक साठले की त्यांत तुळशीपासून टोमॅटोपर्यंत सगळं लावून झालं.

१९८४ साली आमच्याच गावात, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, साठीच्या पुढच्यांची स्पर्धा झाली. फायनलला पुन्हा हेच दोघं. रॉयचे गुडघे म्हणत होते, आता ही शेवटची. त्यातच आदल्या दिवशी माझी मूठ सैल झाली. शेजारच्या डॉक्टर हेमचंद्रांनी मोडल्या हाताला बांधावी तशी पट्टी गुंडाळली आणि मला आपल्याच घरी टेबलावर ठेवलं.

सकाळी त्यांच्या बायकोने, वसुधाकाकूंनी, मला उचललं. खंडेनवमी होती ना! पाटावर स्टेथोस्कोप, विळी, मिक्सर आणि मधोमध मी. हळदकुंकू, अक्षता, फूल. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझ्या पाया पडलं. माझ्या तारा मेंढीच्या आतड्याच्या आहेत हे काकूंना ठाऊक नाही. तुम्हीही बोलू नका.

इतक्यात रॉय धावत आला. "काकू, माझी रॅकेट! अर्ध्या तासात मॅच आहे!"

"नो, नो! पूजा झालेलं हत्यार आज हलवायचं नाही. टुमॉरो!"

"अगं, त्याची फायनल आहे," डॉक्टर म्हणाले.

"तुमचा स्टेथोस्कोपही तिथेच आहे. गेलात तुम्ही हॉस्पिटलला?"

"मी सुट्टी टाकलीय."

"मग त्यालाही टाकू दे!"

डॉक्टर म्हणाले, "रॉय, मी दुसरी आणून देतो."

"हिच्याशिवाय नाही खेळणार," रॉय म्हणाला आणि मटकन खाली बसला. वेळेवर कोर्टवर उभा राहील तो जिंकला, असा नियम होता.

तेवढ्यात चेस्टर आला. कोर्ट दोन गल्ल्या पलीकडे, तेव्हा जाता जाता डिवचायची हौस! काखेत नवी कोरी ग्रॅफाइटची रॅकेट. "काय रॉय, घाबरलास?"

काकूंना चेस्टर दिसलाच नाही, फक्त रॅकेट दिसली. "अय्या, ही राहिलीच की!" तो हॅलो म्हणेपर्यंत ग्रॅफाइटबाई पाटावर माझ्या शेजारी, कुंकू लावून.

"अहो, माझी रॅकेट!"

"टुमॉरो," रॉय म्हणाला. त्याला इतकं गोड हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

कोर्टवर दोघंही नाहीत म्हटल्यावर संयोजकांनी मॅच दुसऱ्या दिवसावर ढकलली. मग काय, पुरी आणि सावर क्रीमचं श्रीखंड! चेस्टरने आडवा हात मारला. रॉयने मात्र हात राखून खाल्लं.

दसऱ्याला चेस्टर श्रीखंडाच्या गुंगीत कोर्टवर डुलत होता, आणि आम्ही त्याला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवत होतो. शेवटचा चेंडू मी अलगद जाळ्यापलीकडे सोडला. तो पळालासुद्धा नाही. त्याने रॉयला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "शनिवारी पुन्हा!"

जिंकल्यावर गुडघ्यांचं कोण ऐकतो? चार वर्षं झाली, दोघं दर शनिवारी खेळतात. पण रॉयने मला मोठ्या मानाने या खिळ्याला टांगलं आणि स्वतः ग्रॅफाइटची आणली. तेव्हापासून दर शनिवारी हरतोय!

तेव्हा भल्या माणसांनो, रॉय भेटला तर एवढंच सांगा: मान भरपूर झाला. आता खाली उतरव, चेस्टरचा माज पुन्हा वाढलाय.